काम होत नाहीये? आधी डोक्यातली गर्दी बघा : ताणात काम करताना या चुका टाळा

चार ओळींचा मेल होता. 'सोबत मार्चचा आढावा जोडला आहे. तिसऱ्या पानावरचा आकडा बदलला आहे. बघून कळवावे.' एवढाच मजकूर. मला तो लिहायला पाऊण तास लागला. आधी 'बदलला आहे' लिहिलं, मग ते कबुलीजबाबासारखं वाटायला लागलं म्हणून 'सुधारित केला आहे' केलं, मग पुन्हा 'बदलला'. मधे दोनदा इनबॉक्स पाहिला, एकदा शीट उघडून तोच आकडा तिसऱ्यांदा तपासला. शेवटी एकदाचा मेल गेला आणि आढावा जोडायचाच राहिला.

त्या दिवशी मी नऊ तास खुर्चीत होतो. गप्पा मारल्या नव्हत्या, मोबाइल चाळत बसलो नव्हतो. घरात एकाचं दुखणं चालू होतं, तपासणीचा रिपोर्ट यायचा होता, आणि इकडे अप्रेजल तोंडावर आलं होतं. एवढंच.

'चिंता आणि चिता यांत एका अनुस्वाराचा फरक' हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. टेबलावर काम तुंबलेलं असताना त्याचा काडीचा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो बिघाड नेमका कुठे आहे हे कळल्याचा. कारण तो चुकीच्या जागी शोधला की आपण जे उपाय करतो त्यांनी ताण वाढतो आणि काम आणखी मागे पडतं. मी यातल्या जवळजवळ सगळ्या चुका केल्या आहेत, काही वर्षानुवर्षं.

वेळ कमी पडतोय असं समजणं

काम रेंगाळलं की पहिला संशय घड्याळावर जातो. दुसरा स्वतःवर : 'मी आळशी झालोय.' दोन्ही संशय बहुतेक वेळा खोटे. काळजी वेळ खाते खरी, पण त्याच्या आधी ती जागा खाते.

एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी फार थोड्या असतात. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणून ठेवला. चार! साधा मेल लिहिताना काय काय धरावं लागतं बघा : सांगायचा मुद्दा, बदललेला आकडा, वाचणाऱ्याचा स्वभाव, आणि फाइल जोडायची आहे ही आठवण. झाले चार. त्यात 'रिपोर्टमध्ये काय निघेल' हा पाचवा येऊन बसला की आधीच्यांपैकी कोणालातरी उठावं लागतं. माझ्याकडे फाइल उठून गेली.

त्यातही काळजी चित्रांपेक्षा शब्दांत जास्त चालते. 'असं झालं तर? मग तसं झालं तर?' अशी अखंड बडबड. त्यामुळे शब्दांची कामं आधी अडतात. मेल, टिपणं, करार वाचणं, कोणाला तरी काहीतरी समजावून सांगणं. फाइली लावणं, ठरावीक फॉर्म भरणं, ओळीने नोंदी करणं हे मात्र चालू राहतं, आणि इथेच फसगत होते. हात चालतोय म्हणजे डोकं चालतंय असं वाटतं.

आणखी एक फसवणूक. मायकेल आयसेंक आणि मॅन्युएल काल्व्हो यांनी १९९२ मध्ये मांडलेला विचार असा की चिंतेने कामाचा दर्जा लगेच पडत नाही, आधी त्या कामाला लागणारा जोर वाढतो. म्हणजे साहेबांच्या हातात पडलेला रिपोर्ट ठीकठाकच असतो. त्यासाठी दुप्पट दम खर्ची पडला, हे फक्त तुम्हाला माहीत. म्हणून बाहेरून कोणाला काही कळत नाही, आणि जेव्हा कळतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

हे सगळं मनाचे खेळ वाटत असेल, तर ओडिशात झालेला एक प्रयोग बघा. सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लइनाथन, सुआना ओह आणि फ्रँक शिलबाख या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या पत्रावळी बनवणाऱ्या मजुरांच्या पगाराचा दिवस बदलून पाहिला. मजुरी नगावर. पैसे तेवढेच, त्यांनी स्वतः कमावलेलेच. फरक इतकाच की काहींना थोडे आधी मिळाले. पैसे हातात आल्यावर त्यांनी आधी उधाऱ्या भागवल्या, घरात लागेल ते आणलं, आणि त्यानंतर त्यांच्या हातून ताशी जास्त पत्रावळी बनू लागल्या. जे अधिक अडचणीत होते त्यांच्यात हा फरक जास्त दिसला. कामात नजरचुकीने होणाऱ्या चुकाही कमी झाल्या. त्यांना कोणी प्रशिक्षण दिलं नव्हतं की जोशपूर्ण भाषण ठोकलं नव्हतं. उधारीचा घोर डोक्यातून उतरला आणि तेवढी जागा हाताखालच्या पानाला मिळाली.

तर काम अडलं की मी आता आधी एक गोष्ट बघतो : नक्की कोणतं काम अडलंय? ठरावीक कामं होतायत पण लिहिणं आणि निर्णय घेणं होत नाहीये, तर डोक्यात गर्दी आहे. सकाळी ताजंतवानं असतानाही सगळंच जड जातंय, साध्या नोंदीसुद्धा चुकतायत, तर शंका झोपेची किंवा थकव्याची. बाकी सगळं सुरळीत आणि एकच काम आठवडाभर पुढे ढकललं जातंय, तर दोष बहुधा त्या कामातच असतो. एकतर ते नीट कळलेलं नसतं किंवा त्यात कोणालातरी वाईट बातमी सांगायची असते. तिघांवर औषध वेगवेगळं.

तास वाढवणं

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. जागा कमी पडतेय आणि आपण वेळ ओततोय.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांच्या तासांच्या आणि उत्पादनाच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये त्या पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण ५० तासांच्या पुढे प्रत्येक वाढीव तासातून मिळणारं उत्पादन घटत जात होतं, आणि ७० तास काम करणाऱ्यांचं एकूण उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. वरचे १४ तास जवळजवळ पाण्यात. आणि ते यंत्रावरचं काम होतं, त्यात मेलचा सूर सांभाळायचा नव्हता.

रात्र जागवण्याचा हिशेबही असाच तोट्याचा. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हाताचा ताळमेळ, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका ढासळतो, असं १९९७ मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी दाखवलं. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला बरोबर १७ तास जागा असतो. 'एवढं प्रेझेंटेशन संपवून झोपतो' हे वाक्य आपण याच सुमाराला म्हणतो.

तब्येतीचं वेगळंच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासानुसार आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

एखादा आठवडा सगळ्यांनाच ओढून न्यावा लागतो, त्याला इलाज नाही. सलग तिसरा आठवडा तसा गेला की मात्र तो आठवड्याचा प्रश्न राहिलेला नसतो.

काळजी करण्यालाच काम समजणं

ही माझी सगळ्यात लाडकी चूक. पाठवलेला मेल पुन्हा उघडून वाचणं. त्याच शीटमधली तीच बेरीज. कामांची यादी नव्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून काढणं. 'काय काय बिघडू शकतं' याची उजळणी, आणि तिला 'तयारी' असं भारदस्त नाव. यात गोम अशी की हे करताना कामात असल्यासारखं वाटतं. अपराधी वाटत नाही, म्हणून थांबावंसंही वाटत नाही.

यावर एक कसोटी मी वापरतो. दहा मिनिटं विचार केल्यावर कागदावर असं काही उतरलं का, जे दहा मिनिटांपूर्वी माहीत नव्हतं? उतरलं असेल तर तो विचार. नसेल तर ती काळजी, आणि पुढची दहा मिनिटंही कोरीच जाणार.

अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घुटमळत राहतं हे खरं. मात्र ते शांत व्हायला दरवेळी पूर्णच करावं लागतं असं नाही. मॅसिकाम्पो आणि बॉमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुऱ्या कामासाठी नेमका बेत आखला, तरी मधेमधे डोकावणारे त्याचे विचार ओसरतात. काम तसंच असतं, पण मन पहारा सोडतं.

'नेमका' हा शब्द इथे महत्त्वाचा. माझ्या यादीत पूर्वी नुसतं 'ऑडिट' असं लिहिलेलं असायचं. हा शब्द वाचला की पोटात गोळा यायचा, कारण त्यात करण्यासारखं काहीच नव्हतं, होती ती नुसती भीती. आता तिथे असं लिहितो : 'मंगळवारी ११ वाजता भांडारात फोन करून राहिलेल्या ३ बिलांचे नंबर मागणे.' याला घाबरता येत नाही. फार तर फोन करायचा कंटाळा येईल.

ऑफिसातून निघण्याआधी पाच मिनिटं अशी यादी केली की रात्रीही सोपी जाते. मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या प्रयोगात, झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. मोबाइलवर लिहायला घेऊ नका, कागदावर लिहा. मोबाइल हातात आला की यादीआधी मेल उघडतो, हा माझा अनुभव.

'विचारच करायचा नाही' असं ठरवणं

डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं बसवलं आणि सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, तरीही आला तर घंटी वाजवा. घंटी मिनिटाला एकदाहून जास्त वाजत राहिली. वर, नंतर जेव्हा विचार करायला मोकळीक दिली, तेव्हा ज्यांनी आधी दाबून धरला होता त्यांच्या डोक्यात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं.

'मन चिंती ते वैरी न चिंती' म्हणतात. त्या मनाला हुकूम सोडून ते ऐकत नाही. वेळ ठरवून दिली तर बरंचसं ऐकतं. चिंतेवर आयुष्यभर संशोधन केलेले थॉमस बोर्कोवेक आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये एक रीत तपासली होती, ती आजही उपचारात वापरली जाते. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा. दिवसभरात काळजी आली की तिला ओळखायचं, दोन शब्दांत लिहून ठेवायचं, 'साडेपाचला बघू' म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं. साडेपाचला खरोखर बसायचं आणि मनसोक्त काळजी करायची, सुटण्यासारखी असेल तर सोडवायचीही.

ऐकायला हास्यास्पद वाटतं. मलाही वाटलं होतं. लोक यात दोन ठिकाणी चुकतात. एक, वेळ झोपेच्या तोंडावर ठेवतात आणि मग अंथरुणात टक्क जागे राहतात. दुसरी चूक जास्त महागात पडते : वेळ आली की 'आता बरं वाटतंय' म्हणून बसतच नाहीत. दोनतीन दिवस टाळलंत की मन तुमच्या तारखेवर विश्वास ठेवत नाही आणि दुपारी बारालाच येऊन धडकतं. माझ्या कागदावर एकदा सात काळज्या होत्या. साडेपाचला बसलो तेव्हा त्यातल्या दोन काय होत्या हेच आठवेना.

'मी प्रेशरखालीच चांगलं काम करतो' म्हणणं

कोणतं काम, हे आधी सांगा.

ताण वाढला की काम सुधारतं, आणि एका टोकानंतर बिघडतं, अशी टेकडीसारखी रेघ तुम्ही एखाद्या ट्रेनिंगमध्ये पाहिली असेल. ती रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांच्या १९०८ च्या प्रयोगावरून आलेली. प्रयोग उंदरांवरचा होता : योग्य खोकं निवडायचं, चुकलं की विजेचा झटका. पण रेघ काढताना त्यातला निम्मा निष्कर्ष गळून जातो. दोन खोकी ओळखायला सोपी होती तेव्हा झटका जितका जोरदार तितकं शिकणं जलद झालं. खोक्यांमधला फरक बारीक केला तेव्हा मध्यम झटकाच बरा ठरला, जोराच्या झटक्याने शिकणं मंदावलं.

उंदरावरून माणसाचं सगळं ठरवू नये, पण हा भाग माझ्या टेबलावर तंतोतंत पटतो. डेडलाइनच्या आदल्या संध्याकाळी माझं फॉरमॅटिंग विजेच्या वेगाने होतं, पानांचे क्रमांक, तक्ते, सगळं. त्याच संध्याकाळी 'हा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवावा' हा निर्णय मी घेतला, तर तो हमखास चुकतो. म्हणून अवघड भाग आठवड्याच्या सुरुवातीला, ताण कमी असताना उरकायचा आणि यांत्रिक भाग शेवटच्या दिवसाला ठेवायचा. आपण नेमकं उलट करतो. सोपं आधी उरकून 'बरंच झालं' असं समाधान मिळवतो आणि खरा पेच शेवटच्या रात्रीवर टाकतो.

काही किरकोळ वाटणाऱ्या चुका

संध्याकाळची कॉफी. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे सहाचा कप अकराला अर्धा शिल्लक असतो. छातीतली धडधड कॉफीची की काळजीची, हेही मग कळत नाही.

एक काम अर्धं सोडून दुसऱ्यावर उडी. सोफी लरॉय यांच्या २००९ च्या अभ्यासानुसार लक्षाचा काही भाग मागच्याच कामाला चिकटून राहतो. कोणी मधेच हाक मारली तर उठण्याआधी 'इथपर्यंत झालं, पुढे हे' अशी एक ओळ खरडा.

जेवण टेबलावर, एक हात माउसवर. यावर वेगळं काही सांगायला नकोच.

कोणालाच न सांगणं, किंवा नुसतं 'टेन्शन आहे' एवढंच सांगणं

'टेन्शन आहे' यावर वरिष्ठ काय करणार? 'घेऊ नकोस' म्हणणार. त्याऐवजी प्रश्न असा मांडा की समोरच्याला निर्णयच घ्यावा लागेल. 'सर, या आठवड्यात माझ्याकडे तीन कामं आहेत. शुक्रवारपर्यंत दोन नीट होतील. तिसरं कोणतं पुढे ढकलू, ते तुम्ही सांगा.' यात रडगाणं नाही, आकडा आहे, आणि निवड ज्याच्या अधिकारात आहे त्याच्याकडे गेलेली आहे. घरातली अडचण असेल तर तपशील सांगायची गरज नाही. 'घरात आजारपण आहे, पुढचे दोन आठवडे माझ्या हातून गेलेला प्रत्येक आकडा आणखी कोणीतरी बघावा' एवढं पुरतं. मी हे वेळेवर म्हटलं असतं तर तो मेल फाइलीसकट गेला असता.

आता थोडं वरिष्ठांसाठी, कारण ताणाचा बराचसा पुरवठा तिथूनच होतो. माझ्या एका जुन्या नोकरीत शुक्रवारी संध्याकाळी साहेबांचा मेसेज आला : 'सोमवारी सकाळी जरा भेट. बोलायचंय.' शनिवार-रविवार मी मनातल्या मनात राजीनामा लिहिला, कर्जाचे हप्ते मोजले, जुने मेल उकरून माझी चूक शोधली. सोमवारी साहेब म्हणाले, "अरे, पुढच्या महिन्यात कोण कधी सुट्टीवर जातंय, ते एकदा लिहून दे ना." बस. मेसेजमध्ये 'सुट्ट्यांचं विचारायचंय' हे दोन शब्द पडले असते, तर माझे दोन दिवस आणि सोमवारचा निम्मा दिवस वाचला असता.

हा साधा शिष्टाचाराचा मुद्दा वाटेल, पण मुळाशी गोष्ट मोठी आहे. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की सगळ्यात जास्त जाच होतो तो कामाचा बोजा मोठा आणि निर्णयाचं स्वातंत्र्य तोकडं असं जुळून आलं की. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मायकेल मार्मट यांनी केलेल्या दीर्घ अभ्यासांत हृदयविकार खालच्या श्रेणीत जास्त आढळला, आणि कामावर स्वतःचा ताबा कमी असणं हे त्यामागचं एक कारण निघालं. 'साहेबांना जास्त टेन्शन' ही समजूत त्या आकड्यांत टिकली नाही. टीमचं काम सुधारायचं असेल तर ध्यानाचं ॲप वाटण्याआधी बघा : काम कोणत्या क्रमाने करायचं, हे तरी माणसाच्या हातात आहे का? रात्री पाठवलेल्या मेलला रात्रीच उत्तर हवंय की सकाळी चालेल, हे कोणी कधी स्पष्ट सांगितलंय का? न सांगितलेला नियम प्रत्येक जण स्वतःच्या भीतीप्रमाणे कडक करून घेतो.

सगळं स्वतःच दुरुस्त करायला जाणं

वरचे उपाय डोक्यातल्या गर्दीवर चालतात. काम दोन माणसांचं आणि माणूस एक, असा प्रकार असेल तर कोणतीही यादी पुरी पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद 'आजार' म्हणून नाही, ती कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे. सतत राहिलेला आणि नीट न हाताळलेला कामाच्या ठिकाणचा ताण हे तिचं मूळ. खुणा तीन : अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. यावर दोन दिवसांची सुट्टी म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं.

काही वेळा प्रकरण ऑफिसच्याही पलीकडचं असतं. दोनेक आठवडे झोप किंवा भूक उडालेली असणं, अचानक धाप आणि धडधड, कशातच रस न वाटणं, असं असेल तर डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका, आजच जवळच्या कोणाला सांगा आणि डॉक्टर गाठा. छातीत दुखलं तर 'टेन्शनमुळे असेल' हा निष्कर्ष स्वतः काढू नका, लगेच दाखवा.

आणि डॉक्टरांसमोर बसल्यावरही आपली तीच गत होते, डोक्यात गर्दी आणि तोंडात एकच वाक्य, 'जरा टेन्शन आहे.' म्हणून जाण्याआधी एका चिठ्ठीवर लिहून न्या : त्रास कोणत्या तारखेपासून, रात्री किती वाजता झोप लागते, किती वाजता जाग येते, दिवसाला किती कप कॉफी, चालू असलेल्या गोळ्या, आणि पूर्वी सहज जमायचं असं कोणतं काम आता जमत नाही. चिठ्ठी पाकिटात ठेवा. नाहीतर ती टेबलावर राहते, हेही मी करून बसलोय.